एका चुलीवर जेवणारे

हासिंता मोरेनो ५६ वर्षांच्या होत्या आणि त्यांना मधुमेह होता. सरकारी मदतीचे दरमहा ७५ डॉलर, एवढेच त्यांचे उत्पन्न. एर्मिना सांचेझ नावाच्या बाई आणि त्यांची तीन मुले यांच्यासोबत त्या एकाच घरात राहत. सांचेझबाईंना मदतीपोटी १३३ डॉलर मिळत. भाडे, गॅस आणि वीज यांतला मोरेनोबाईंचा वाटा ५० डॉलर. नेमाने रुग्णालयात जाण्यायेण्याचे १० डॉलर. कपडे धुण्याचे ५ डॉलर. वजाबाकी करून पाहावी. अन्न आणि बाकीच्या साऱ्या गरजांसाठी त्यांच्या हाती महिन्याला १० डॉलर उरत. आजारपणात सांचेझबाई त्यांची काळजी घेत, आणि सगळे एकत्र जेवत.

अमेरिकेच्या सरकारने त्यांना कळवले की हे कुटुंब नव्हे. सबब अन्नमदत मिळणार नाही.

आजचा धागा या ‘नव्हे’चा इतिहास सांगतो. तो १९७० च्या दशकातील एका अन्नकुपनाच्या कायद्यापासून सुरू होतो, एड्सच्या साथीतील स्वयंपाकघरांतून जातो, हृदयरोगाच्या दवाखान्यात पोहोचतो आणि शेवटी आपल्याकडच्या शिधापत्रिकेपाशी येतो. समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या इतिहासात मोर्चे, खटले आणि विवाह यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती माणसे काय जेवत होती, कोणासोबत जेवत होती आणि त्याचे त्यांच्या शरीरावर काय परिणाम झाले, याविषयी मानाने फार कमी. वास्तविक या इतिहासातील काही महत्त्वाची वळणे जेवणाच्या ताटाशीच घडली आहेत.

प्रथम कायदा पाहू. अमेरिकेत गरिबांना धान्य, दूध, भाजी विकत घेता यावी म्हणून सरकार जी कुपने देई, त्यांना ‘फूड स्टॅम्प’ म्हणत. १९६४ च्या मूळ कायद्यात कुटुंबाची व्याख्या मोठी समजूतदार होती: नातेसंबंध असो वा नसो, जे एक आर्थिक घटक म्हणून एकत्र राहतात, ज्यांची स्वयंपाकाची सोय सामाईक आहे आणि ज्यांच्यासाठी अन्नसामग्री एकत्र विकत आणली जाते, ते कुटुंब. मराठी माणसाला ही व्याख्या वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घर फुटले हे सांगण्यासाठी आपण ‘चूल वेगळी झाली’ असेच म्हणतो. भारताच्या जनगणनेतही सामाईक स्वयंपाकघर हीच कुटुंबाची खूण मानली आहे.

१९७१ साली अमेरिकी काँग्रेसने ही व्याख्या बदलली. एका छपराखाली राहणाऱ्यांपैकी एक जरी माणूस इतरांच्या नात्यात नसेल, तरी ते सगळे घर अन्नमदतीला अपात्र ठरू लागले. म्हणजे सांचेझबाईंना १०८ डॉलरची कुपने १८ डॉलरला मिळत होती, तीही मोरेनोबाई घरात राहिल्या तर बंद होणार होती. कायद्याने प्रत्यक्षात असे सुचवले, की मधुमेही मैत्रिणीला घराबाहेर काढा, मग मुलांना खाऊ घालू.

हे कशासाठी? संसदेतल्या चर्चेची जी थोडीफार नोंद शिल्लक आहे, तीत उत्तर सापडते. ‘हिप्पी’ आणि त्यांची सामुदायिक घरे यांना अन्नकुपनांचा लाभ मिळू नये, हा हेतू होता. लांब केसांचे, लग्न न करता एकत्र राहणारे तरुण तेव्हा अनेक प्रतिनिधींच्या डोळ्यांत सलत होते. गंमत अशी, की ज्यांच्यावर नेम धरला होता त्यांना निसटणे सोपे होते. कागदोपत्री दोन घरे दाखवली की काम झाले. दोन घरे करण्याची ऐपत नसलेली मोरेनोबाईंसारखी माणसे मात्र त्यात अडकली. सरकारी वकिलांनी खालच्या न्यायालयात ‘नीतिमत्ते’चाही आधार घेऊन पाहिला होता. तो तेथेच टिकला नाही.

२५ जून १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही दुरुस्ती रद्द केली. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी निकालपत्र लिहिले. त्यातल्या एका विधानाचा आशय असा, की कायद्यापुढील समानतेला काही अर्थ असेल तर राजकीयदृष्ट्या अप्रिय अशा एखाद्या गटाला इजा पोहोचवण्याची संसदेची नुसती इच्छा ही शासनाचे वैध प्रयोजन ठरू शकत नाही. हे विधान लक्षात असू द्या. ते आणखी तीनदा भेटणार आहे.

या खटल्यात समलिंगी माणसांचा उल्लेख कोठेही नाही, ही गोष्ट स्वच्छपणे सांगायला हवी. तरीही त्यांचा या व्याख्येशी जवळचा संबंध होता. विवाहाचा अधिकार नाही आणि रक्ताचे नाते नाही, अशी दोन माणसे वीस वर्षे एका चुलीवर जेवली तरी १९७१ च्या कायद्याच्या लेखी परकीच. शिवाय घरातून हाकलली गेलेली किशोरवयीन मुले, त्यांना आसरा देणारे थोडे थोरले मित्र, एका खोलीत चौघे अशी राहणी या समाजात नित्याचीच. त्यांच्यातले कुटुंब बहुतेकदा निवडलेले असे. जन्माने मिळालेल्या कुटुंबाने दार लावून घेतले, म्हणून निवडावे लागलेले.

आणि घराबाहेर खायचे म्हटले तर? तेथेही दार होते. फिलाडेल्फियात ड्यूईज नावाचे स्वस्त उपाहारगृह होते. १९६५ च्या एप्रिल महिन्यात तेथील चालकांनी समलिंगी ‘वाटणाऱ्या’ किंवा बायकीपुरुषी वेषाचे संकेत न पाळणाऱ्या गिऱ्हाइकांना वाढणे बंद केले. २५ एप्रिलला दीडशेच्या आसपास माणसांना परत पाठवण्यात आले. तीन किशोरवयीन मुले जागची उठली नाहीत आणि त्यांना अटक झाली. पुढचे पाच दिवस कार्यकर्त्यांनी दाराशी पत्रके वाटली, २ मे रोजी पुन्हा ठिय्या दिला आणि चालकांनी भेदभाव थांबवण्याचे मान्य केले. दक्षिणेत कृष्णवर्णीय विद्यार्थी उपाहारगृहांच्या बाकांवर बसून जो लढा देत होते, त्याचाच हा धडा होता. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागातील कॉम्प्टन्स कॅफेटेरियात दंगल उसळली. रात्रभर उघडे असणारे हे ठिकाण म्हणजे तेथील पारलिंगी स्त्रियांची विसाव्याची जागा. एका पोलिसाने एकीला धरताच तिने हातातली कॉफी त्याच्या तोंडावर फेकली. मग साखरेच्या बरण्या खिडक्यांवर बसल्या, टेबले उलटली. स्टोनवॉलच्या प्रसिद्ध दंगलीला अजून तीन वर्षे अवकाश होता. इतिहासकार सुसान स्ट्रायकर यांनी २००५ मध्ये या घटनेवर माहितीपट केला, तोवर ती जवळपास विस्मृतीत गेली होती.

स्वस्त, गरम जेवण मिळण्याची जागा हीच पोलिसांच्या धाडीची जागा असेल, तर माणूस कोठे जाईल? बहुतेक बारमध्ये जात. तेथे दारू आणि सिगारेट विपुल, अन्न जेमतेम. या सवयीचा फायदा पुढे बाजाराने पुरेपूर उठवला. १९९० च्या दशकाच्या मध्यास आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतील समलिंगी वस्ती आणि टेंडरलॉइनमधील बेघर यांना गिऱ्हाईक करण्याची एक योजना आखली होती. तिची कागदपत्रे नंतर उघड झाली. योजनेचे संक्षिप्त नाव होते ‘स्कम’. इंग्रजीत त्याचा अर्थ पाण्यावर तरंगणारा मळ. माणसांना उद्देशून वापरला तर समाजातला गाळ. हृदयरोगाची चर्चा करताना कोलेस्टेरॉलचे आकडे आपण पाहतोच. हा शब्दही त्याच नोंदवहीत लिहून ठेवावा असा आहे.

आता स्वयंपाकघरात जाऊ.

१९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत रूथ ब्रिंकर नावाच्या ६३ वर्षांच्या आजीबाई राहत होत्या. आयुष्य अन्नसेवेच्या व्यवसायात गेलेले, आता निवृत्त. त्यांच्या ओळखीचा एक तरुण वास्तुविशारद एड्सने खंगत चालला होता. उठून स्वयंपाक करण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. मित्रांनी पाळ्या लावून डबा पोहोचवायला सुरुवात केली. पण पाळी म्हटली की चुकते, आणि चुकली की त्या घरात त्या दिवशी अन्न नाही. तो मरण पावला. आजारापेक्षा उपासमार आधी गाठते आहे, हे ब्रिंकरबाईंनी ओळखले आणि सात रुग्णांसाठी स्वतः रांधायला सुरुवात केली. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरातून उभी राहिलेली ती संस्था म्हणजे ‘प्रोजेक्ट ओपन हँड’. आज ती पोल्क रस्त्यावर, टेंडरलॉइनच्याच परिसरात आहे.

एड्स आणि भूक यांचा संबंध नुसता दारिद्र्याचा नव्हता. विषाणू शरीराची अन्न पचवण्याची आणि टिकवण्याची शक्तीच पोखरतो. तोंडात बुरशी, घशात फोड, न थांबणारे जुलाब. युगांडात तर लोकांनी या रोगाला ‘स्लिम’ असेच नाव दिले होते. १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एड्सच्या व्याख्येत या क्षयाची भर घातली: वजनात अनिच्छेने १० टक्क्यांहून अधिक घट आणि सोबत महिनाभराहून अधिक जुलाब अथवा ताप व अशक्तपणा. म्हणून त्या काळचा आहारसल्ला एकच असे, की उष्मांक वाढवा. लोणी घाला, साय घाला, मिल्कशेक प्या, आइस्क्रीम खा. पुढे दहा वर्षांनी हाच सल्ला उलटा करावा लागणार होता.

रुग्णालयांतही अन्न सहजासहजी मिळत नसे. संसर्गाच्या भीतीने जेवणाचे ताट खोलीच्या दाराबाहेर ठेवून निघून जाणारे कर्मचारी, ही त्या काळच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट आहे. आत पलंगावरचा माणूस उठू शकत नाही, आणि ताट उंबऱ्याबाहेर गार होत आहे. शिवाशिवीचा इतिहास ज्या भूमीत घडला, तेथील वाचकाला या दृश्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्याच १९८५ साली देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, गंगा स्टोन नावाची स्त्री एका आजारी नटाच्या घरी किराण्याची पिशवी घेऊन गेली. पिशवी पोहोचली, पण तिच्यातले काहीही शिजवण्याची ताकद त्याच्यात नव्हती. तिच्या ध्यानात आले, की अशा माणसाला शिधा देऊन उपयोग नाही, शिजवलेलेच द्यायला हवे. तिने रेस्टॉरंटांकडून जेवण मागून ते घरोघर पोहोचवायला सुरुवात केली. त्यातून ‘गॉड्स लव्ह वी डिलिव्हर’ ही संस्था उभी राहिली. ‘गंगा’ या नावाने तुम्ही थबकला असाल. जन्मनाव इन्ग्रिड असलेली ही स्त्री १९७० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरी येथे स्वामी मुक्तानंदांच्या आश्रमात राहिली होती, आणि हे नाव तिला तेथेच मिळाले. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांना जाणारे आपण त्या गावावरून किती सहज जातो! आश्रमाचा या अन्नकार्याशी थेट संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. एवढेच म्हणतो, की पंगतीला बसलेल्या कोणालाही उपाशी उठू देऊ नये ही रीत जेथे रोज पाळली जाते अशा मुलखात ती काही काळ जेवली होती.

या संस्थेची एक लहानशी प्रथा मला तिच्या साऱ्या अहवालांपेक्षा बोलकी वाटते. प्रत्येक रुग्णाला त्याच्या वाढदिवशी केक पाठवला जातो. १९८० च्या दशकात त्यांतल्या अनेकांच्या घरून साधे पत्रही येत नसे.

फिलाडेल्फिया, बोस्टन अशा शहरांतही १९९० मध्ये अशीच स्वयंपाकघरे सुरू झाली. रांधणारे, भाजी चिरणारे, डबे पोहोचवणारे बव्हंशी स्वयंसेवक. त्यांत समलिंगी पुरुष होते, तसेच आजाराची स्वतःला फारशी झळ नसतानाही पुढे आलेल्या लेस्बियन स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९७१ च्या कायद्याने ज्या नात्याला कुटुंब म्हणायचे नाकारले होते, ते नाते आता रोज हजारो ताटे वाढत होते.

१९९६ हे वर्ष दोन कारणांसाठी ध्यानात ठेवावे.

पहिले कारण कायद्याचे. कोलोरॅडो राज्यात १९९२ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत एक दुरुस्ती संमत केली होती: समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणारा कोणताही नियम राज्यात कोणी करू नये. २० मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांना आधारासाठी जे पूर्ववाक्य सापडले, ते मोरेनोबाईंच्या खटल्यातले. २००३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा टेक्ससचा कायदा कोसळला, तेव्हा न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी आपल्या स्वतंत्र मतात पुन्हा त्याच खटल्याचा आधार घेतला. आणि २०१३ साली एडिथ विंडसर यांच्या खटल्यात तिसऱ्यांदा. विंडसर आणि थिया स्पायर चार दशकांहून अधिक काळ सोबत होत्या. स्पायर यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता, पुढे हृदयाची झडप निकामी होत चालल्याचे निदान झाले. फार दिवस उरले नाहीत हे कळल्यावर २००७ मध्ये दोघी कॅनडात जाऊन विवाहबद्ध झाल्या. २००९ मध्ये स्पायर हृदयविकारानेच गेल्या, आणि केंद्र सरकारने विंडसर यांना परकी ठरवून ३,६३,०५३ डॉलरचा वारसाकर मागितला. महिन्याला १० डॉलरमध्ये पोट भरणाऱ्या एका बाईच्या अन्नकुपनांवरून लिहिले गेलेले विधान ४० वर्षांनी त्यांच्या कामी आले. तरुण मित्रांनो, कायद्याच्या इतिहासात अशी वंशावळ शोधण्यासारखा दुसरा आनंद नाही.

दुसरे कारण औषधाचे. १९९५ च्या डिसेंबरपासून १९९६ च्या मार्चपर्यंत अमेरिकेत प्रोटीएझ इन्हिबिटर गटातील पहिली तीन औषधे मंजूर झाली आणि इतर औषधांच्या जोडीने ती घेतली असता मरणपंथाला लागलेली माणसे उठून बसू लागली. मात्र या गोळ्यांनी माणसाचे जेवण घड्याळाला बांधून टाकले. इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी. सॅक्विनाव्हिर मात्र भरल्या पोटी, स्निग्ध जेवणासोबत. ज्याला पुढचे जेवण केव्हा मिळेल याचीच शाश्वती नाही, त्याने हे वेळापत्रक कसे पाळावे? अन्न ही आता औषधाची पूर्वअट झाली होती.

दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, वैद्यकीय नियतकालिकांतून एक विचित्र चित्र उमटू लागले. जगलेल्या रुग्णांचे गाल बसत होते, हातपाय काडीसारखे होत होते आणि पोटावर, मानेमागे चरबी साठत होती. रक्तातील मेद वाढत होता, इन्सुलिन निष्प्रभ होत होते. याला ‘लिपोडिस्ट्रॉफी’ असे नाव पडले. आपल्याकडेही त्याची झळ आली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला. या घटनेने जगभरातील गरीब देशांत लक्षावधी प्राण वाचले. परंतु त्या तिहेरी गोळीतील स्टॅव्हुडिन हे औषध गालांवरची चरबी झिजवणारे होते, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने थांबवण्यास सांगितले. ज्या काळी दुसरा पर्यायच नव्हता, त्या काळाच्या निवडीला आज दोष देणे मला योग्य वाटत नाही.

२००३ मध्ये २३,४६८ रुग्णांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संयुक्त उपचाराच्या पहिल्या काही वर्षांत, औषधाच्या दर वर्षागणिक हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सरासरी २६ टक्क्यांनी वाढत होते. मुळात झटके संख्येने थोडेच होते आणि औषध न घेणे हा मृत्यूच होता. तरीही जे तिशीत मरणार म्हणून घरच्यांनी हात धुतले होते, त्यांना आता पन्नाशीत हृदय सांभाळायचे होते. औषधे पुढे सुधारली. परंतु विषाणू काबूत असतानाही शरीरात एक मंद दाह धुमसत राहतो आणि तो रक्तवाहिन्यांना इजा करतो, हेही उमगले. २०२३ मध्ये भारतासह १२ देशांतील ७,७६९ रुग्णांवरील चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या साध्या गोळीने हृदयाच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

स्वयंपाकघरांनाही आपली पाककृती बदलावी लागली. साय आणि लोणी मागे सरले; डाळी, मासे, भाज्या, कमी मीठ पुढे आले. प्रोजेक्ट ओपन हँडने सॅन फ्रान्सिस्कोच्या वैद्यकीय विद्यापीठाबरोबर एक छोटा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एचआयव्ही, मधुमेह किंवा दोन्ही असलेल्या ५२ गरीब रुग्णांना सहा महिने भूमध्यसागरी धर्तीचे, हृदयाला मानवेल असे जेवण पुरवले. एचआयव्हीच्या गोळ्या नीट घेणाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले. नैराश्याची लक्षणे उतरली. अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण गंगा स्टोनच्या त्या किराण्याच्या पिशवीपासून येथपर्यंतची वाट तो स्पष्ट दाखवतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. या समाजाच्या हृदयाचा इतिहास म्हणजे एचआयव्हीचा इतिहास नव्हे. ज्या लेस्बियन आणि उभयलिंगी स्त्रियांनी १९८० च्या दशकात इतरांसाठी रांधले, त्यांच्या स्वतःच्या हृदयाकडे संशोधकांचे लक्ष पुष्कळ उशिरा गेले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० मध्ये या विषयावर पहिले सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. तंबाखू, झोप, वजन, मद्य आणि त्यांच्या मुळाशी असलेला सततचा ताण असे त्याचे सूत्र आहे. या ताणाला संशोधक इलान मेयर यांनी ‘अल्पसंख्याक ताण’ म्हटले होते. आपण उघडे पडू का, या धास्तीत वर्षानुवर्षे राहणाऱ्याच्या शरीरात ताणाची संप्रेरके शांत होत नाहीत. रक्तदाब चढा राहतो. आणि स्वस्त, गोड, तळलेल्या पदार्थांत घटकाभर विसावा शोधला जातो. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत संप्रेरकांच्या उपचाराचा प्रश्न आणखी वेगळा. दवाखान्यात अपमान होईल म्हणून तपासणीच टाळली, तर तो रक्तदाब मोजणार तरी कोण?

आणि या साऱ्याच्या तळाशी भूक आहेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम्स इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेतील २७ टक्के एलजीबीटी प्रौढांवर सरत्या वर्षात कधी ना कधी स्वतःला किंवा घरच्यांना जेवू घालण्यापुरते पैसे नसण्याची वेळ आली होती. महिनाअखेरीस पैसे संपले की माणूस आधी भाजी आणि फळे सोडतो, मग गोळ्या पुरवून पुरवून खातो. मोरेनोबाईंनी दहा डॉलरमध्ये मधुमेहाचे पथ्य कसे पाळले असेल, याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात नाही.

आता आपल्याकडे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. त्या सुनावणीत केंद्र सरकारने अशा जोडप्यांच्या व्यावहारिक अडचणींसाठी समिती नेमण्याचे आश्वासन दिले होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात राहिले, पण समितीने कोणत्या गोष्टी पाहाव्यात याची त्यांनी यादी दिली, आणि तीत शिधापत्रिका होती. विवाह, वारसा, दत्तक यांच्या वादळी चर्चेत हा मुद्दा कोणाच्या लक्षातही राहिला नाही. तो क्षुल्लक नव्हे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते. ज्याचे नाव पत्रिकेवर नाही, त्याचे पाच किलो नाहीत. गावी आईवडिलांच्या पत्रिकेवर नाव, आणि ती पत्रिका ज्या घरात आहे तेथे पाऊल टाकण्याची सोय नाही, अशी माणसे मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत थोडी नाहीत.

२०२४ मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने सर्व राज्यांना सूचना पाठवली: क्विअर नात्यातील जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबाचे घटक मानावे. एकत्र राहणारे, एकत्र रांधणारे ते कुटुंब, हे १९६४ च्या अमेरिकी कायद्यातले सूत्र साठ वर्षांनी निराळ्या वाटेने येथे पोहोचले.

सूचना राज्यांना गेली आहे. पत्रिका मात्र तहसील कचेरीत किंवा शिधावाटप कार्यालयात तयार होते. अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख. दोघी स्त्रिया असतील तर त्यांतली थोरली, आणि घरात स्त्रीच नसेल तर ज्येष्ठ पुरुष. म्हणजे पहिली ओळ भरता येते. तिच्याखाली प्रत्येक नावापुढे एक रकाना असतो, ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’. त्यात आजवर पत्नी, मुलगा, सून, नातू, सासू असे शब्द लिहिले गेले आहेत.